उच्च उठावाचं शिल्प: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लालबागच्या एका गाळ्यात मी मातीकाम शिकवते. दिवाळीनंतर समुद्र शांत झाला की शिकायला येणाऱ्यांना घेऊन घारापुरीला, म्हणजे एलिफंटाच्या गुंफा बघायला जाते. गेटवेपासून बोटीत साधारण तासभर मिळतो आणि त्या तासात दरवर्षी तेच प्रश्न येतात. काही प्रश्न गुंफेत उभं राहिल्यावर सुचतात, काही दुसऱ्या दिवशी हात मातीत घातल्यावर. ते सगळे इथे मांडले आहेत.

उच्च उठाव म्हणजे नेमकं काय?

खिशातलं नाणं काढून बघा. त्यावरचे सिंह पृष्ठभागापासून जेमतेम केसभर वर आलेले असतात. हा अल्प उठाव. घरच्या गणपतीला चारी बाजूंनी फिरून बघता येतं, ती पूर्ण मूर्ती. उच्च उठाव या दोहोंच्या मधे येतो, पण मूर्तीच्या बराच जवळ. आकृतीची पाठ भिंतीतच असते, मात्र अंगाच्या खऱ्या जाडीपैकी निम्म्याहून जास्त जाडी बाहेर आलेली असते. डोकं, दंड, गुडघा असे भाग तर कधीकधी भिंतीपासून पूर्ण सुटतात आणि त्यांच्यामागून हवा खेळते.

पुस्तकांत याला ‘उच्च उत्थित शिल्प’ म्हटलेलं सापडेल. कामाच्या जागी सगळे ‘हाय रिलीफ’च म्हणतात. मी ‘उठाव’ म्हणते, कारण भिंतीतून काहीतरी उठून येतंय हे त्या शब्दात ऐकू येतं.

मग किती इंच बाहेर आलं म्हणजे उच्च?

इंचांत उत्तर देता येत नाही. वीतभर उंचीची आकृती इंचभर बाहेर आली तर तो उच्च उठाव होईल. तोच एक इंच पाच मीटरच्या आकृतीला दिला तर ती नाण्यासारखी चपटी दिसेल.

माझ्या मते खरी मोजपट्टी सावलीची. अल्प उठावात शिल्पकार कडेच्या रेषेने हात सुचवतो. उच्च उठावात हाताची स्वतःची सावली छातीवर पडते आणि दिवसभर सरकत राहते. म्हणजे शिल्पाचा निम्मा भाग दगडाचा आणि निम्मा उजेडाचा.

अथेन्सच्या पार्थेनॉनवर हे एकाच इमारतीत दिसतं. इसवी सनापूर्वी 447 ते 432 या काळात उभारलेल्या त्या मंदिराच्या बाहेरच्या बाजूला, थेट उन्हात, 92 चौकोनी पट्ट होते. त्यांतल्या आकृती पंचवीसेक सेंटिमीटरपर्यंत बाहेर येतात आणि काही ठिकाणी जवळजवळ सुटलेल्याच आहेत. आतल्या बाजूने, छपराखालून सुमारे 160 मीटर लांबीची मिरवणूक कोरलेली होती, तिचा उठाव पाचसहा सेंटिमीटरच्या वर जात नाही. तिथे थेट ऊन पोचत नव्हतं, खालच्या फरशीवरून उसळलेला मऊ उजेड यायचा. अशा उजेडात खोल कोरलं असतं तर वरचे भाग खालच्यांच्या सावलीत बुडाले असते. उजेड कुठून येणार हे ठरल्यावरच उठाव किती ठेवायचा ते ठरतं.

घारापुरीच्या शिल्पांचे हातपाय इतके तुटलेले का आहेत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. ‘पोर्तुगीजांनी तोडले’ असं एक उत्तर सगळ्यांना पाठ असतं. पोर्तुगीज काळात तिथे नासधूस झाली हे खरंच आहे. गुंफेतला शिलालेखही त्यांनी काढून नेला आणि तो पुढे हरवला. पण तोडणाऱ्याला तोडता का आलं, हे उत्तर शिल्पातच आहे.

अंधकासुरवधाच्या शिल्पासमोर उभे राहा. साडेतीन मीटरची शंकराची आकृती, रागाने विस्फारलेले डोळे, ओठांतून डोकावणारे सुळे. आठपैकी पाच हात गेलेत, पायही गेलेत. छाती आणि चेहरा मात्र शाबूत आहेत. छाती भिंतीशी पूर्ण रुंदीने जोडलेली आहे, तिच्यावर घाव घातला तर टवका उडेल, छाती निघणार नाही. हात मात्र पुढे झेपावलेले होते, खांद्यापाशी आणि फार तर एखाद्या टोकाशी दगडाला धरून. बेसॉल्ट कठीण असतो, पण लवचिक नसतो. सुटलेल्या दगडी दंडाला एक जोराचा धक्का पुरतो.

म्हणून मी विद्यार्थ्यांना आधी तुटलेल्या जागा बघायला सांगते. जिथे दगडाचा वाटोळा खुंट उरलाय तिथे हात भिंतीपासून सुटलेला होता. जिथे लांबट, चपटा ओरखडा राहिलाय तिथे तो भिंतीला चिकटून कोरला होता. दहा मिनिटं असं बघितलं की गेलेले हात डोळ्यांसमोर उभे राहतात आणि मूळ शिल्प केवढ्या धाडसाने बाहेर झेपावलं होतं ते कळतं. मला त्या खुंटांचं वाईट वाटतं, आणि त्यांच्याकडूनच मी सगळ्यात जास्त शिकले आहे.

दगडात कोरताना चूक झाली तर?

मातीत भर घालता येते, दगडात नाही. आणि गुंफेत तर अडचण आणखी मोठी. तिथे भिंत आधी बांधून मग शिल्प बसवलेलं नाही, अख्खी गुंफाच डोंगर पोखरून काढलेली आहे. सहाव्या शतकात खोदकाम करणारे आत शिरत होते तेव्हाच, इथे शंकराचा गुडघा येणार, इथे एवढा दगड सोडायचा, हे ठरलेलं असणार. खोदणाऱ्याने भिंत सरळ साफ केली असती तर उठावाला दगडच उरला नसता. भिंतीबाहेर जे काही आलेलं दिसतं, ते काढायचं टाळलेलं आहे.

सदाशिवाची तीन मुखं साडेपाच मीटरच्या आसपास उंच आहेत आणि खोल कोनाड्यात आहेत. तो कोनाडाही त्याच हिशेबातला. कारागिरांनी पुढचा दगड काढत काढत मागे जाऊन मुखं शोधली आहेत. हनुवटीखालचा, जटामुकुटाच्या बाजूचा दगड काढताना पोगर, म्हणजे दगडाची छिन्नी, तिरका धरावा लागतो, ठोका हलका लागतो आणि वेळ दसपट जातो.

कोणत्या वेळी बघायला जावं?

सोमवारी गुंफा बंद असतात, हे आधी लक्षात ठेवा. बाकी दिवशी लोक पहिल्या बोटीने जातात, तासाभरात फोटो काढतात आणि माकडांपासून पिशव्या सांभाळत परततात. माझं म्हणणं, उशिरा जा आणि जास्त वेळ थांबा.

मोठ्या गुंफेला उत्तर, पूर्व आणि पश्चिम अशा तिन्ही बाजूंनी उजेड येतो. सकाळी पूर्वेकडच्या अंगणातून येणारा उजेड रावणानुग्रहाच्या, म्हणजे रावण कैलास हलवतो त्या शिल्पाच्या बाजूला जास्त असतो, दुपारनंतर पश्चिमेकडची शिल्पं जागी होतात. उठाव बघायला समोरून येणारा उजेड सगळ्यात वाईट, त्यात सावल्याच पडत नाहीत. मोबाइलच्या फ्लॅशने नेमकं हेच होतं आणि साडेतीन मीटरचा शंकर फोटोत कागदी दिसतो. फ्लॅश बंद ठेवा, शिल्पाच्या बाजूला जाऊन तिरके उभे राहा आणि पाच पावलं चाला. डोक्यामागची कड दंडाआड जाताना दिसेल. चित्र असं हलत नाही.

घारापुरी सोडून मुंबईत अजून कुठे बघता येईल?

बरंच आहे, आणि बहुतेक लोकलच्या स्टेशनाजवळ.

परळच्या बारादेवी मंदिरातली शिळा मला सगळ्यात जवळची. 1931 साली रस्त्याच्या कामात ती सापडली. एकाच दगडात शिवाची सात रूपं आहेत. मधली तीन एकावर एक, जणू खालच्याच्या खांद्यांतून वरचा उगवतोय, आणि दोन्ही बाजूंना फांद्यांसारखी बाकीची. पायाशी वाद्यं वाजवणारे गण आहेत. घारापुरीच्या झेपेच्या तुलनेत हा उठाव शांत आहे, दगडाच्या आत श्वास भरून घेतल्यासारखा. मंदिरात पूजा चालते, त्यामुळे वेळ आणि शिस्त पाळून जा. छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात तिची प्लॅस्टर प्रतिकृती आहे, तिथे निवांत उभं राहता येतं.

त्याच संग्रहालयात असिरियाच्या राजवाड्यातल्या कोरीव पाट्या आहेत. त्या अल्प उठावाच्या आहेत. परळची प्रतिकृती बघून लगेच त्या पाट्यांकडे या, फरक शिकवावा लागत नाही.

कान्हेरीच्या तिसऱ्या लेण्यात, ओसरीच्या दोन्ही टोकांना सुमारे सात मीटरचे उभे बुद्ध आहेत. आतल्या दर्शनी भिंतीवरची दात्यांची जोडपी त्यांच्या कितीतरी आधीची, सातवाहन काळातली. भरल्या अंगाची, जड दागिन्यांची ही माणसं भिंतीतून दोन पावलं पुढे आल्यासारखी वाटतात.

बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात नटराज आहे, पण बराच झिजलेला.

इंग्रजी अमदानीतलं काम बघायचं तर फोर्टमध्ये सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये जा. गव्हर्नर जोनाथन डंकनचं स्मारक आणि इतर संगमरवरी स्मारकं दाखवतात, की संगमरवरात उठाव बेसॉल्टपेक्षा वेगळा वागतो. संगमरवर उजेड थोडा आत घेतो, त्यामुळे सावलीची कड मऊ होते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दर्शनी भिंतीवर गोल चौकटींतून रेल्वे कंपनीच्या संचालकांची डोकी बाहेर आलेली आहेत, नाना शंकरशेटांचंही. गाडी पकडायच्या घाईत आपण वर बघत नाही. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरचं शेतकऱ्यांचं काम लॉकवूड किपलिंगचं. तो 1865 साली जे. जे. कला विद्यालयात शिल्पकाम शिकवायला आला होता.

फोर्टातल्या न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या इमारतीवर आहे तो हाय रिलीफच ना? केवढ्या मोठ्या आकृती आहेत!

मोठ्या आहेत, पण आकार म्हणजे उठाव नव्हे. 1936 सालच्या त्या इमारतीवरचं काम एन. जी. पानसरे यांचं. शेतकरी, कुंभार, सूत कातणाऱ्या बायका यांना त्यांनी सपाट पातळ्यांत आणि धारदार कडांत बसवलंय. आर्ट डेको इमारतीची भिंत भिंतच राहावी म्हणून ते तसं केलंय आणि फार नेमकं केलंय. रस्त्यापलीकडून बघा.

राणीच्या बागेतला दगडी हत्ती?

तो उठाव नाही, पूर्ण मूर्ती आहे. घारापुरीचाच हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. 1864 साली तो उचलून इंग्लंडला न्यायच्या प्रयत्नात त्याचे तुकडे झाले. नंतर ते जोडले आणि आता तो भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. सांध्याच्या रेषा दिसतात.

मातीत पहिल्यांदा करून बघायचंय. सुरुवात कशी करू?

जाड प्लायचा दोन फूट बाय दीड फूट तुकडा घ्या आणि त्याला पाणी लागू नये म्हणून शेलॅक किंवा ऑइलपेंट मारा. त्यावर खिळे ठोका, पण सगळे एका उंचीचे नकोत. जिथे उठाव जास्त तिथे लांब खिळे आणि त्यांना तार. पाट थोडा मागे कलता उभा करा, टेबलावर आडवा ठेवून काम करू नका. आडव्या पाटावर माती कशीही टिकते आणि उजेड वरून पडतो, मग उभा केल्यावर सगळं बिघडलेलं दिसतं.

आधी मागची भिंत म्हणजे अर्ध्या इंचाचा थर, मग मोठे आकार, बोटं आणि डोळे सगळ्यात शेवटी. डोळ्यांपासून सुरुवात केली तर शिल्प बसून जातं, हे मी दरवर्षी बघते. अधूनमधून बाजूने बघा. बाजूने आकृती खऱ्या माणसासारखी दिसणार नाही, जराशी दाबलेली दिसेल, आणि तसंच हवं. पुढचे भाग जवळजवळ पूर्ण गोल, मागचे हळूहळू चपटे. मागच्या माणसालाही पुढच्याइतकीच जाडी दिली की सगळे एका रांगेत चेंगरून उभे राहतात, लोकलच्या दारातल्यासारखे.

आता माझी एक गोष्ट सांगते. पहिलं मोठं काम होतं डोक्यावर पाटी घेतलेल्या कोळणीचं, एका सोसायटीच्या जिन्यासाठी. पाटीला धरलेला उजवा हात भिंतीपासून पूर्ण सुटा केला होता. त्यात तार होती, पण तारेला फुल्या बांधल्या नव्हत्या. या फुल्या म्हणजे लाकडाच्या दोन छोट्या काड्या आडव्याउभ्या बांधून तारेवर लटकवतात, शिकताना आम्ही त्यांना बटरफ्लाय म्हणायचो. ओली माती तारेवरून घसरते, फुलीला धरून राहते. जुलै महिना होता. रात्री मी ओलं गोणपाट घातलं, वरून प्लास्टिक गुंडाळलं आणि घरी गेले. सकाळी दार उघडलं तर कोपरापासूनचा हात जमिनीवर, आणि पडताना त्याने पाटीची कड ओढून नेलेली. गोणपाट इतकं ओलं होतं की मातीचं नुसतं लोणी झालं होतं. आता मी फुल्या आधी बांधते आणि पावसाळ्यात गोणपाट पिळून, जवळजवळ कोरडं करून घालते.

साचा कसा काढायचा? हात साच्यात अडकतो.

अडकणारच. हातामागच्या पोकळीला आम्ही अंडरकट म्हणतो. प्लॅस्टर तिथे शिरून घट्ट झालं की साचा सरळ ओढून निघत नाही, ओढला तर हात तरी मोडतो नाहीतर साचा.

एकच प्रत हवी असेल तर फोडायचा साचा करा, म्हणजे वेस्ट मोल्ड. प्लॅस्टरचा पहिला पातळ थर निळीच्या पाण्यात कालवायचा. त्यावर मातीचं पाणी अगदी हलक्या हाताने, आणि मग काथ्या घालून पांढरा जाड थर. पाठीमागून माती उकरून काढा, पोकळीतली माती बोटाने आणि ब्रशने धुवा, आतून साबणाचं पाणी लावा आणि ओतकाम करा. घट्ट झालं की बाहेरून छिन्नीने साचा फोडत यायचं. पांढरं उडतंय तोवर हात मोकळा चालवा. निळं दिसलं की थांबा, श्वास घ्या आणि लाकडी हातोडीने एकेक पापुद्रा काढा. निळ्याखाली शिल्प आहे. कोळणीच्या कानातली मुदी निळ्यातून बाहेर आली तो क्षण मला अजून आठवतो.

जास्त प्रती हव्या असतील तर सिलिकॉन रबराचा साचा करा आणि बाहेरून प्लॅस्टरचं कवच. रबर ताणून पोकळीतून सोडवता येतं. महाग आहे. पूर्वी तुकड्यांचा साचा करायचे, प्रत्येक तुकडा आपापल्या दिशेने सुटेल असा. ते शिकायला वेळ लागतो, पण एकदा केलं की आकाराची समज कायमची बदलते.

आता मशीनवर होतं ना सगळं?

लाकडाच्या दुकानांत असतं ते तीन अक्षांचं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं कोरायचं मशीन वरून खाली कोरतं. त्याचं पातं दंडाच्या मागे वळून जाऊ शकत नाही. म्हणून त्या मशीनवर कोरलेल्या देवांचे हात कायम भिंतीला चिकटलेले असतात. जास्त अक्षांची मशीनं वळतात, ती प्रत्येक गल्लीत नसतात. सुटा हात हवा असेल तर बहुतेक वेळा हातानेच मोकळा करावा लागतो.

इमारतीच्या बाहेर लावलं तर मुंबईच्या हवेत टिकेल का?

तीन गोष्टी सांभाळा. आत लोखंडी सळी नको, स्टेनलेस स्टील घाला. खाऱ्या हवेत लोखंड गंजून फुगतं आणि सिमेंट आतून फोडतं. दुसरं पाणी. कोपराच्या खोलगट जागेत, ओच्याच्या घडीत पावसाचं पाणी साचतं. प्रत्येक खोलगट जागेला बाहेरच्या बाजूला उतार द्या, तो माणसाच्या नजरेला कळतही नाही. तिसरं कबुतरं. अंडरकट म्हणजे त्यांना घरटं बांधायला तयार फळी. वर लावायच्या शिल्पात ती पोकळी एक तर इतकी अरुंद ठेवा की पक्षी मावणार नाही, किंवा इतकी तिरकी की काड्या टिकणार नाहीत.

फायबर उन्हात काही वर्षांत फिकं पडतं. ब्राँझ टिकतं, परवडलं तर.

लालबागच्या गणपतीच्या कारखान्यांत हे शिकता येईल का?

उच्च उठाव म्हणून कोणी शिकवणार नाही, पण हात तयार होईल. शाडूच्या मूर्तीत सोंड पोटापासून किती सुटी ठेवायची, वरचा हात सुकताना तडकू नये म्हणून काय करायचं, हे तिथल्या कारागिरांना आमच्यापेक्षा जास्त कळतं. गणपतीच्या आधीचे दोन महिने कोणाला बोलायला वेळ नसतो. दिवाळीनंतर जा, चहा घ्या आणि विचारा.

घारापुरीला एकाच शिल्पापुरता वेळ असेल तर कोणतं बघू?

कल्याणसुंदर, म्हणजे शिवपार्वतीचं लग्न. सदाशिवाकडे सगळे जातातच. तिथून उजवीकडे, पश्चिमेच्या अंगणाकडे चालत या. दुपार कलली की अंगणातला उजेड या शिल्पावर बाजूने येतो. शिव आणि पार्वती पुढे आहेत, जवळजवळ पूर्ण गोल. त्यांच्यामागे मुलीला पुढे आणणारी वडीलधारी मंडळी, थोडी चपटी. वर आकाशातले गंधर्व, आणखी हलके. लग्नाच्या मांडवात असतो तोच क्रम: जवळचे पुढे, बाकीचे मागे.

पार्वतीची मान खाली आहे. समोरून बघितलं तर ती नुसती लाजलेली दिसते. दोन पावलं डावीकडे सरका आणि खाली वाका, म्हणजे तिच्या गालाची सावली गळ्यापर्यंत उतरलेली दिसेल. शेवटच्या बोटीची वेळ धक्क्यावर उतरतानाच विचारून ठेवा, कारण ती सावली खाली सरकायला लागली की तिथून पाय निघत नाही.